सिंदेवाहीचं लव्हेंडर आणि बिनवासाची खीर

"परसात लव्हेंडर फुललं व बाई, पाह्यले ये," असा मंगलाताईचा फोन आला आणि मी बॅग भरली. मंगलाताई माझी मावसबहीण, सिंदेवाहीजवळच्या खेड्यात राहते. माझ्याकडची लव्हेंडरची बिस्किटं खाल्ली आणि तिला या झाडाचं वेडच लागलं. पावसाळाभर चिखलात पाय रुतणाऱ्या धानाच्या मुलखात हे कोरड्या हवेचं झाड! भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकच वर्ष दिलं होतं. खाण्याजोगं काही निघालं तर वाफा तिचा, नाहीतर तिथे भेंडी.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड असं साडेतीन-चार तास धरा. मार्चात जाणार असाल तर उजाडताच निघा, नंतर ऊन फोडून काढतं. नागभीडला तर्री-पोहे खाल्लेच पाहिजेत. खिशाला हलके, जिभेला जहाल. पुढे रस्त्याकडेला मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. मी दोनदा गाडी थांबवून फोटो काढले.

ताईने वाफा मुरूम टाकून उंच केला होता, पावसाळ्यात वर ताडपत्री बांधली होती. झाडं जगली होती! मी तिला मिठीच मारली. बहुतेक फुलं तोडून तिने सारवलेल्या अंगणात भर उन्हात पसरली होती.

"मोहफुलं असेच वाळवतो ना आमी," ती म्हणाली. "हातात घेतले का खणखण वाजले पाह्यजे."

मला काही खटकलं नाही. मी कायम पाकिटातलं लव्हेंडर वापरत आले. ते वाळवतात कसं, हे कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी तिने उकळत्या दुधात फुलं टाकली, झाकलं, गाळलं आणि घरच्या तांदळाची खीर केली. वास नाही. अजून मूठभर टाकली, तर नुसता कडवटपणा आला. साखर वाढवली. भाऊजींनी पहिली वाटी संपवली.

"बोला ना, वास येते का?"

"कशाचा?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "तांदूळ मस्त हाय पण." आणि आणखी एक वाटी मागून घेतली. त्या वाटीने मला जास्त वाईट वाटलं.

निघताना ताईने झाडावर उरलेले चार-दोन तुरे दोऱ्याने बांधून दिले. "शोभेले ठेव."

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला अडकवले आणि विसरले. आठ-दहा दिवसांनी दार लोटलं तर घमघमाट! चिमूटभर फुलं घालून खीर केली. अशी खीर मी जन्मात खाल्ली नव्हती. सावलीत वाळवायचं होतं, एवढंच. मी धावत फोन लावला.

"ताई, वाफा आहे ना गं?"

"अव, कालच उपटला. भेंडी टाकली. काऊन व?"

"सहज."

"बरं झालं बाई. आपल्या मातीत त्याले वासच नाई येत."

मी "हो" म्हणाले. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण झाडं उपटून टाकल्यावर ते कसं सांगायचं, हे मला कळेना, अजूनही कळत नाही. तुम्ही कुणी लव्हेंडर लावलंत तर फुलं सावलीत वाळवा. हे मी तुम्हाला सांगते आहे, तिला नाही.