पुस्तकात न सापडलेली म्हैस

आयुष्याला वळण लावणारी पुस्तकं कोणती, असं विचारलं की भले लोक जाडजूड ग्रंथांची नावं घेतात. मला वळण लावलं ते कृषी प्रदर्शनात आणि एसटी स्टँडवर मिळणाऱ्या, दोन पिना मारलेल्या पातळ पुस्तकांनी. वर ‘घरच्या घरी’ किंवा ‘सात दिवसांत’ असं छापलेलं दिसलं की मी घेतलंच. पोहायला मी असाच शिकलो, बाजेवर पालथा पडून. सातही धडे पुरे करून आठव्या दिवशी विहिरीत उतरलो, तेव्हा केसाला धरून मला वर काढणारा चुलता अंगठेबहाद्दर होता. तरी माझा विश्वास ढळला नाही. पुस्तकात चूक नव्हती, विहीर बाजेपेक्षा खोल होती एवढंच.

या पुस्तकांनी मला पुष्कळ दिलं, पण एक खोडही लावली. छापलेलं हाताशी असताना माणसाला विचारायचं म्हणजे मला कमीपणा वाटायला लागला.

दोन वर्षांपूर्वी बायको बाळंतपणाला माहेरी, जामखेडला गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्याने दोघी यायच्या होत्या, आणि बाळंतिणीला पिशवीतलं दूध द्यायचं नाही, त्याच्या आत दारात दुभती म्हैस बांधायची, असं आईने ठरवून टाकलं. वडील गेल्यापासून आमची जनावरं आईच पारखून आणते. पण ऐन वेळी ती ओसरीवरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्या तात्यांना बरोबर ने, असं तिने मला चारदा बजावलं. मी पुस्तक बरोबर नेलं.

घोडेगावच्या बाजारात मी एकेका म्हशीपुढे उभा राहून पान उलटत होतो. सड सारख्या अंतरावर आहेत का, दुधाची शीर किती जाड, दात किती. छातीचा घेर मोजायला शिंप्याची टेप काढली तेव्हा मागून एक व्यापारी म्हणाला, “पाव्हणं, म्हशीला झंपर शिवायचाय का?” मी लक्ष दिलं नाही. एका म्हाताऱ्याची म्हैस पुस्तकातल्या सगळ्या कसोट्यांना उतरली. म्हातारा बिचारा दोनदा काही सांगायला तोंड उघडत होता. मी त्याला हाताने थांबवलं आणि पुढची ओळ वाचली.

म्हैस देखणी होती, यात वाद नाही. टेम्पोतून उतरली तेव्हा गल्ली बघायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारेला बसलो आणि तिने बादली उकिरड्यापर्यंत पोचवली. रेडकू पाजून पाहिलं, पेंड ठेवून पाहिली. ती पान्हा सोडायलाच तयार नव्हती. तात्यांनी हात लावला, तर त्यांनाही लाथ बसली. तीन दिवस असे गेले. त्यात जामखेडहून निरोप आला, की पुढच्या आठवड्यात येतोय.

चौथ्या दिवशी आईने एवढंच विचारलं, “तिकडं धार कोन काढायचं?”

सडांवर एक पान होतं, दातांवर दोन. हे कुठेच नव्हतं. नाक मुठीत धरून मी म्हाताऱ्याला फोन लावला.

“आमची मंडळी काढायची,” तो म्हणाला. “बाप्याला हात लावू देत न्हाई ती. तुमी म्हशीला समदं इचारलं, मला कायबी इचारलं न्हाई.”

आईने पेटीतून आपलं एक लुगडं काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. मी शिकलेला माणूस आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, म्हशीला ते माहीत नाही.

तर मी लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि पाठ दाराकडे करून बसलो. बायकोच्या बांगड्या माझ्या हातात शिरेनात, म्हणून आई माझ्यामागे उभी राहून डाव्या हाताने त्या वाजवत राहिली. म्हशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हुंगलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि पान्हा घातला. बादलीत पहिली धार वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पदर जवळच होता.

बायको आली ती ऐन धारेच्या वेळी. तिचा भाऊ सोडायला आला होता. मी उठावं तर म्हैस पान्हा चोरेल, बसावं तर अब्रू जाईल. मी बसलो.

बायकोने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि माझ्या पाठीकडे बघत आईला विचारलं, “आत्याबाई, धारेला बाई लावली व्हय?”

“लावली,” आई म्हणाली. “कामाला बरी हाय. पुस्तकं तेवढी लई वाचती.”