पाटलाची सही आन माझी मेंढरं

मी जामीन राह्यलो होतो, हे मी कधी नाकारलं न्हाई. माझ्या साडूला बदनापूरच्या ठेसनाजवळ चहाचं हॉटेल टाकायचं होतं. सावकार म्हणला, तीन जामीन आण. मी, साडूचा शेजारी आन गावचे पाटील, असे तिघं ठरलो. मी सावकाराला चार माणसांत बजावलं, "तिघं राह्यले तरच माझा जामीन. पाटलाची सही झाल्याबिगर पैसा सोडायचा न्हाई." त्यानं मान डोलावली, मंग मी अंगठा उठवला. पाटील म्हणले, उद्या करतो. सावकारानं त्याच दिवशी पैसे देऊन टाकले, आन पाटलाची सही राह्यली ती राह्यलीच.

हॉटेल बसलं, साडू परागंदा झाला. सावकार माझ्या मेंढरांच्या वाड्यावर आला. शेजाऱ्याजवळ फाटका पटका, पाटलासंगं सावकाराची ऊठबस. राह्यलो मी आन माझी चाळीस मेंढरं.

"जामीन तिघं असले तरी सगळी रक्कम मी एकट्याकडून घेऊ शकतो. कायदा हाय," तो म्हणला.

"कायदा बराबर हाय," मी म्हणलो, "पर तिसरा कुठंय?"

तो हसला आन माझं टाळकंच सरकलं. घरची म्हणली, अर्ध्यावर मिटवा. म्हणलं, एक शेपूट बी देणार न्हाई.

सावकारानं माझ्यावर दावा लावला. जालन्याच्या कोर्टात कारकुनानं जामीनकीचा उर्दूतला कागद वाचला, तर त्याच्यावर पाटलाची सही, आन तारीख माझ्या अंगठ्याच्या दिवसाची. पाटील खाली मान घालून उभे. मी धोतराच्या सोग्यातून खंडोबाचा भंडारा काढून टेबलावर ठेवला. देव आमचा बी तोच, त्यांचा बी तोच. भंडारा उचलून खोटं बोलायची आमच्याकडं कुणाची छाती न्हाई.

"हुजूर, पाटलांनी हा उचलून सांगावं, सही माझ्या अंगठ्याच्याच दिवशीची हाय. मी आत्ताच्या आत्ता मेंढरं सोडतो."

सावकार म्हणला, हे कोर्टात चालत न्हाई. जज्ज सायबांनी त्याला गप केलं. पाटलांचा हात पुढं आला आन मधीच थांबला.

"सही मागल्या बाजारच्या दिवशी केली," ते हळूच बोलले.

माझ्यावरचा दावा खारीज झाला. बाहेर आल्यावर पाटील म्हणले, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

मी म्हणलो, "तुमी त्या दिवशीच सही केली असती, तर ही चाळीसच्या चाळीस मेंढरं मी सोताच हाकत आणून दिली असती."