वन्संचं लायसन्स

माझ्या नणंदेबद्दल लिहायचं तर सुरुवात वासापासून करावी लागते. संध्याकाळी घरी येताना त्या कधी ओल्या भिंतीचा वास घेऊन यायच्या, कधी कोंदट माळ्याचा, कधी तुंबलेल्या मोरीचा. मी देवापुढे बसलेली असले आणि दार उघडलं, की डोळे मिटूनच ओळखायची, आज कसल्या घरात गेल्या होत्या. "वन्सं, आधी आंघोळ!" एवढं म्हणायची आणि पुन्हा जपाला लागायची. देव रागावत नाही, पण माझं लक्ष उडतं.

त्यांचं लग्न फार टिकलं नाही. भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आल्या त्या एक बॅग आणि एक टेबललॅम्प घेऊन. एका बँकेच्या कर्ज विभागात टायपिंगचं काम धरलं. तारण ठेवलेल्या घरांची किंमत ठरवणारे अहवाल त्यांच्या हाताखालून जायचे. चाळिशी उलटल्यावर एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वहिनी, दुसऱ्यांनी पाहिलेली घरं मी किती वर्षं टाईप करू? आता मीच पाहते."

"म्हणजे काय करणार?"

"मूल्यांकनकाराचं लायसन्स काढते."

मला वाटलं, गाडीच्या लायसन्ससारखं असेल. दोन चकरा मारल्या की हातात. कसलं काय! आधी वर्ग, त्यात किंमत ठरवण्याची तत्त्वं, पद्धती आणि आचारसंहिता. प्रत्येक वर्गाची वेगळी परीक्षा. मग लायसन्स असलेल्या एखाद्या वरिष्ठाच्या हाताखाली उमेदवारी, तीसुद्धा ठरलेले तास भरेपर्यंत, आणि त्या प्रत्येक तासावर वरिष्ठाची सही. मग लायसन्स देणाऱ्या मंडळापुढे मुलाखत. सगळ्यात शेवटी मोठी परीक्षा. दुकानं, कारखाने, मोठ्या इमारती करायच्या तर पदवीही लागते म्हणे. वन्संना साधी राहती घरं पुरे होती.

"एवढ्यात डॉक्टर झाली असतीस, तायडे," आमचे हे म्हणाले.

"डॉक्टरला पेशंट निदान सांगतो तरी कुठे दुखतंय ते. घर बोलत नाही, आणि घरमालक बोलतो ते खोटं."

जेवणाच्या टेबलावर अभ्यास चालायचा. मी पोळ्या लाटत ऐकायची. शेजारपाजारची तशीच घरं कितीला गेली ते बघायचं, ही एक रीत. आज नव्याने बांधायला काय लागेल ते काढून त्यातून झीज वजा करायची, ही दुसरी. भाडं किती येईल त्यावरून काढायची, ती तिसरी. मी म्हटलं, "मग माझी किंमत काढा बघू."

वन्संनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बांधकाम जुनं. देखभाल उत्तम. आवाजाचा थोडा त्रास."

हे इतके हसले की ठसका लागला. मीही हसले; खोटं कशाला बोलू.

आचारसंहितेचा वर्ग शिकवायला एक साहेब यायचे. शहरातले नावाजलेले मूल्यांकनकार, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं तुपासारखं. 'जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली सही करू नये,' हे त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य. वन्सं घरी येऊन ते वाक्य आम्हाला ऐकवायच्या. मलाही आवडलं होतं. त्याच साहेबांनी त्यांना उमेदवार म्हणून घेतलं तेव्हा मी देवाचे आभार मानले.

आता सांगते ते लिहिताना मला अजून शिसारी येते.

नियम असा, की उमेदवार शिकत असताना वरिष्ठाने त्याच्याबरोबर घरात जायचं, दाखवायचं, चुकलं तर टोकायचं. साहेब घरापर्यंत यायचे. गाडी फाटकाशी उभी करायचे, काचा वर, थंड हवा चालू, तोंडात पेपरमिंट. वन्सं आत. तळघरात वाकून, माळ्यावर चढून, संडासाच्या टाकीमागे हात घालून ओल बघून त्या बाहेर आल्या, की साहेब काच चार बोटं खाली करून विचारायचे, "काय, ठीक?" झाली पाहणी. अहवालात मात्र छापून यायचं, 'आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहणी केली.' खाली दोन सह्या.

वन्संनी एकदा म्हणून पाहिलं, "सर, आत एक भिंत फुगलीय, तुम्ही बघता का?"

"तुमच्यावर विश्वास आहे माझा," साहेब म्हणाले. असला विश्वास चुलीत घाला! पण सही त्यांच्या हातात. सही नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर लायसन्स नाही. वन्सं गप्प बसल्या. बँकेची नोकरी तर उमेदवारीसाठी सोडूनच बसल्या होत्या.

मग ते म्हाताऱ्याचं घर आलं. म्हातारा एकटा राहायचा, एकटाच गेला, आणि बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याला नेलं, पण घर तसंच पडलं होतं. वीज तोडलेली, फ्रीज भरलेला. मांजरी आत कोंडलेल्या राहिल्या होत्या, त्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही. वारसांना वाटणीसाठी किंमत हवी होती, आणि वारसांपैकी एकानेही दारात पाय ठेवला नव्हता. किल्ली पाकिटात घालून पाठवली होती.

वन्सं आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. अंगणात उलटी केली. नळाला पाणी नव्हतं. पिशवीतल्या बाटलीने तोंड धुतलं, ओढणी नाकाला घट्ट बांधली आणि पुन्हा आत गेल्या. सगळ्या खोल्या मोजल्या. गालिचा उचलला तर खालची लाकडी जमीन भिजून स्पंजासारखी झालेली. न्हाणीघरात पाय टाकला तर पाय आत गेला. ते सगळं टिपलं, फोटो काढले, बाहेर आल्या.

साहेबांनी काच चार बोटंही खाली केली नाही. दोन बोटं केली. "गाडीत बसू नका हं. सीटला वास लागेल. बसने या."

बसमध्ये लोक उठून पुढे जाऊन उभे राहिले. त्या घरी आल्या तेव्हा मीही नाकाला पदर लावला. कपडे मागच्या दारी बादलीत टाकले, दोनदा धुतले आणि शेवटी फेकून दिले. वन्सं आंघोळ करून बाहेर आल्या आणि नुसता भात खायला बसल्या. दोन घास गिळले आणि ताट सरकवलं. म्हणाल्या, "वहिनी, घाणीचं काही वाटत नाही. घाण धुता येते."

तास भरले. मंडळाचं बोलावणं आलं. मुलाखतीत मंडळ उमेदवाराच्या कामातले दोन-तीन अहवाल उचलतं आणि त्यावर विचारतं. कुठले उचललेत ते आधी कळवतात. त्यात म्हाताऱ्याचं घर होतं.

त्याच दुपारी साहेबांचा फोन. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. "बाई, पाहणीत दोघं होतो का असं विचारतील. नेहमीचा प्रश्न आहे. हो म्हणायचं आणि पुढे जायचं. एका शब्दाचा तर प्रश्न आहे." मग जरा थांबून, "उगाच तुमची मेहनत वाया जायला नको. तुमच्या काळजीने सांगतोय."

काळजीने! माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

संध्याकाळी ह्यांच्या कानावर गेलं. हे म्हणाले, "तायडे, हो म्हणून टाक. तुझ्या बापाचं काय जातं?"

"दादा, बाप आपला एकच आहे."

"चेष्टा पुरे. सगळे म्हणतात. जग असंच चालतं. तू काय जग सुधारायला निघालीस? दोन वर्षं घालवलीस, नोकरी सोडलीस. आता तोंडाशी आलेला घास..." मग माझ्याकडे वळले, "अगं, तू तरी सांग हिला. तुझं ऐकते."

मला ते लायसन्स वन्संइतकंच हवं होतं, हेही खरं. भावाच्या घरात राहणारी बहीण कशी वावरते ते मी रोज बघत होते. पाहुणे आले की न सांगता खोली रिकामी करते, साबण संपला तर स्वतःच्या पैशाने आणते. पण रोज देवापुढे हात जोडायचे आणि त्याच तोंडाने दुसऱ्याला खोटं बोलायला सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हाला जे गिळवेल ते बोला."

"हे काय सांगणं झालं?" हे चिडले.

वन्सं साडीला इस्त्री करत राहिल्या.

मुलाखतीचं त्यांनी मला सांगितलं तसं लिहिते. लांब टेबल, पलीकडे तीन जण. मधले अध्यक्ष, वयस्कर, चष्मा कपाळावर. आधी पद्धतींवर प्रश्न झाले, ते बरे गेले. मग म्हाताऱ्याच्या घराचा अहवाल उघडला.

"इथे लिहिलंय, दोघांनी पाहणी केली. बरोबर?"

"नाही."

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नीट आठवा. कामाच्या गडबडीत माणूस विसरतो."

"ते घर विसरण्यासारखं नाही, सर."

"तुमचे वरिष्ठ तिथे आले तर होते?"

"फाटकापर्यंत. गाडी त्यांचीच होती."

"मग झालं की! जागेवर होते. त्या अर्थाने पाहणीत होते असं म्हणायला हरकत नाही."

हे ऐकून मला साहेबांपेक्षा त्या अध्यक्षांची जास्त किळस आली. साहेब चोर, हे उघड आहे. पण चोराला शिडी धरणारा राखणदार! नियम ज्यांनी केले, तेच नियमाला भोक पाडून बोट घालून दाखवत होते, की बाई, इथून निघा.

वन्सं म्हणाल्या, "हरकत आहे."

"असं म्हणालात तर त्यांच्या हाताखालचे तुमचे सगळे तास रद्द होतील. फक्त ह्या घराचे नाहीत, सगळे. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग का हट्ट करता?"

"सर, त्या घरात मी उलटी केली. आणि तरी पुन्हा आत गेले. माझ्या लायसन्ससाठी जे काही शिकले ते मी त्या घरात शिकले. त्यातलं अर्धं मी साहेबांना देणार नाही."

तिघांतला एक जण फसकन हसला आणि मग हातातल्या पेनकडे बघत बसला.

तास रद्द झाले. सगळे. साहेबांना काय झालं? समज दिली. समज! ती त्यांना आधी नव्हती असं मंडळाला वाटलं असावं. आचारसंहितेचा वर्ग ते अजून घेतात. पुढच्या तुकडीतली एक मुलगी आम्हाला दुकानात भेटली, साहेबांचं पहिलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. वन्संनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला तिथून कधी निघते असं झालं होतं.

ह्यांनी महिनाभर धुसफूस केली. "एका शब्दासाठी! स्वतःच्या पायावर धोंडा," हे रोज ताटावर. वन्सं नव्या वरिष्ठाच्या शोधात दारोदार फिरल्या. जिथे जातील तिथे त्यांच्या आधी बातमी पोचलेली. एक जण तोंडावर म्हणाला, "चुगलखोर माणूस आम्ही ठेवत नाही." आपल्या कामाबद्दल खरं सांगितलं तर ती चुगली, असा ह्या धंद्याचा शब्दकोश.

शेवटी एक म्हातारे मूल्यांकनकार मिळाले. सगळे त्यांना 'शी-शी काका' म्हणतात. कारण प्रत्येक घरात शिरताना नाकाला रुमाल लावून ते "शी! शी! माणसं राहतात की डुकरं!" असं ओरडतात. पहिल्याच दिवशी वन्संना म्हणाले, "माझे गुडघे गेलेत. जिना चढताना मी कुरकुर करणार, तुम्हाला शिव्याही देणार. सवय करून घ्या." आणि चढले. प्रत्येक जिना चढले. माळ्यावर वन्संचा हात धरून, मागून "शी! शी!" करत चढले आणि वर जाऊन सांगितलं, "ती तुळई बघितलीत? नाही बघितलीत. परत बघा."

वन्सं पुन्हा पहिल्यापासून सगळं करत गेल्या. पुन्हा वास, पुन्हा माझं "आधी आंघोळ!" पुन्हा मुलाखत, ह्या वेळी मंडळाने काही विचारायचं शिल्लक ठेवलं नव्हतं; काकाही बरोबर गेले होते, त्यांनी तिथेही सगळ्यांना झापलं म्हणे. मग मोठी परीक्षा, ती पहिल्या फटक्यात सुटली. लायसन्स आलं तेव्हा एवढ्या खटाटोपाच्या मानाने ते फारच लहान दिसलं. वन्संनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

काल ह्यांचे ऑफिसातले दोन मित्र घरी आले होते. मी आत चहा टाकत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, भरदार, छाती फुगवलेला. "आमच्या घरात खोटं खपत नाही. बहिणीला मीच सांगितलं होतं, तास जाऊ देत, पण मंडळापुढे खरंच बोल. शिकवण आहे ती आमची."

चहा उकळून गॅसवर सांडला. मी पुसत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या घोरण्याची, पायमोज्यांची, ताटात हात धुण्याची सगळ्याची सवय झाली. ह्याची झाली नाही. मित्र म्हणाले, "वा! आणि बहीण कुठे आहे?"

घरी नव्हत्या. एका बंद पडलेल्या घराच्या तळघरात ओल मोजायला गेल्या होत्या, ह्या वेळी स्वतःच्या सहीने. बरं झालं नव्हत्या. दिवसभर घाण बघून आलेल्या बाईला घरी येऊन आणखी हे कशाला ऐकवायचं?