शकुनाला चालतो, जाहीरनाम्यात नाही

"बायांची लाईन ही. गड्यांची ती. तू मधी काय करतो बे?"

टँकरवरचा माणूस पाईप धरून बोलला. 'बे' गड्याला म्हणतात. त्यानं मुद्दाम म्हटलं. दोन्ही लाईनी हसल्या. मी साडीत, काखेत घागर, वर वैशाखाचं ऊन. बायांच्या लाईनीत माझी आई उभी होती. ती हसली नाही. तिनं पदर नीट केला आणि टँकरकडं बघत राहिली.

मी बाजूला झाले. सगळ्यांचं भरून झाल्यावर देतील म्हणून थांबले. सगळ्यांचं झालं. टँकर निघून गेला. त्याच्या पाठीवर दादांचा हात जोडलेला फोटो.

दादा म्हणजे साखर कारखान्याचे संचालक. दूध सोसायटी त्यांची, जनावरांची चारा छावणी त्यांची, ग्रामपंचायतीचं पॅनेल त्यांचं. त्या वर्षी माजलगावच्या धरणात नुसता चिखल उरला होता. दादा होते म्हणून गाव जगलं, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं. छावणीतल्या बैलांनाही ते पाणी पाजायचे.

घरी गुलाबआक्का होती. आमच्यातलीच. मुलगा म्हणून जन्मली, बाई म्हणून जगली. पंधराव्या वर्षी मी साडी नेसले, भावांनी मारून हाकललं, तेव्हा हिनं मला ठेवून घेतलं. आता साठी उलटलेली. रिकामी घागर तिनं बघितली.

"रडू नकू. नदीत झिरा हाय," म्हणाली आणि घागर उचलली.

"आक्का, मी जाते."

"तू आज एकदा जाऊन आलीस. बास."

सिंदफणेच्या वाळूत खड्डा खणून लोक वाटीवाटीनं पाणी भरायचे. आक्कानं भरलं. येताना वाटेत पडली. ऊन लागलं. एका जीपवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. तिथल्या माणसानं कागद लिहिता लिहिता पेन थांबवला.

"बायांच्या वॉर्डात टाकलं तर बाया ओरडतेल. गड्यांच्यात कसं ठिवू? मोठ्या डॉक्टरला विचारावं लागंल."

व्हरांड्यात सतरंजीवर ठेवली. सलाईन खिडकीच्या गजाला बांधलं. आत दोन खाटा मोकळ्या होत्या. मला दिसत होत्या. मोठे डॉक्टर यायच्या आत आक्का गेली. माझ्या मांडीवर. जाणारे-येणारे तिच्या पायांना वळसा घालून जात होते.

गावात खांदा द्यायला कुणी आलं नाही. आमच्यातल्या चौघी केजहून आल्या. त्यांनी नेली.

पंधरा दिवस झाले असतील. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दादांचा माणूस दारात आला.

"उद्या पॅनेलचा फॉर्म भरायला मिरवणूक हाय. तुमचा शकुन लई चांगला असतो. नाचायला ये."

मी वहीचा कागद फाडला. तीन ओळी लिहिल्या. टँकरवर आम्हाला पाणी. रेशनकार्डावर आमचं नाव. दवाखान्यात आम्हाला खाट. हे तुम्ही जाहीरनाम्यात छापणार का?

आधी विरोधी पॅनेलच्या बाईंकडं गेले. शाळेत मास्तरीण होत्या. मला शिकवलेलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. कागद वाचून घडी घातली.

"तुझं दुःख मला कळतं गं. पण माझ्या बाया बिथरतील. आत्ता नको."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर दादांच्या हातात तोच कागद दिला. त्यांनी नीट वाचला. आवाज चढवला नाही.

"माझ्या मनात काई न्हाई. पण हे छापलं तर लोक आमाला हसतेल. तू आज नाच. निवडून आलो की बघतो."

हलगी सुरू झाली. रिंगण झालं. पाय आपोआप हलायला लागले, वरातीत नाचायची इतक्या वर्षांची सवय. आणि मला व्हरांडा दिसला. आक्काचे पाय दिसले. मी थांबले. खाली बसून चाळ सोडले.

हलगीवाला थांबला. दादांचा माणूस धावला. "कावून थांबलीस?"

"न्हाई नाचणार. माझी आक्का व्हरांड्यात मेली. आमचा शकुन चालतो तुमाला. आमाला घोटभर पाणी देताना तुमाला लाज वाटती."

"छक्क्याला माज आला!" मागून कुणीतरी ओरडलं. एक दगड पाठीत बसला. मी पळाले नाही. चालत गेले. बायांच्या घोळक्यात आई होती. या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. जागची हलली मात्र नाही.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उद्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी तहसीलला गेले, माझा स्वतःचा फॉर्म भरायला. एकटी. लिंगाच्या रकान्यापाशी कारकून अडला. "इथं काय लिहू?"

"द्या इकडं. मी लिहिते."

'इतर' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खाली सही केली. माझ्या नावाची, मी ठेवलेल्या.

पडले. एकोणीस मतं. कुणाची, माहीत नाही. आईला विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. दादा निवडून आले आणि ते अजून बघतायत.

फॉर्म भरून आक्का परत येत नाही. मला कळतं. रोज कळतं.

पण या वॉर्डातली प्रत्येक निवडणूक मी लढवणार. पडेन, पुन्हा फॉर्म भरीन. मी माघार घेऊन मत द्यावं असं ज्याला वाटतं त्यानं छापील कागद घेऊन यावं, आणि त्यात आमची ओळ मला बोट ठेवून दाखवावी. शकुन मागायला माझ्या दारात कुणी यायचं नाही.