उभ्यानं भाकरी

दोन्ही गुडघे बदलून चन्नम्मा घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आता जमिनीवर बसायचं नाही. चन्नम्माचा धंदा मात्र सगळा जमिनीवरचा. पुढ्यात परात, शेजारी शेगडी आणि पापडासारखी पातळ कडक भाकरी. सोलापुरातल्या दोन खानावळी तिच्याच भाकरीवर चालायच्या.

ओट्याशी उभं राहून तिनं करून पाहिलं. ओटा सुनेच्या मापाचा, आणि सून उंच. चन्नम्माचे खांदे कानापर्यंत चढले. वरून हात पडेना, त्यामुळं जोर लागेना. पहिली भाकरी कडेला फाटली, दुसरी मधोमध. तिसऱ्या उंड्याला तिनं हात लावला नाही.

"आई, बास आता," मुलगा शिवयोगी म्हणाला. "लई केलंस. खानावळवाल्यांना मी सांगतो, दुसरीकडनं घ्या म्हणून."

चन्नम्मानं वाद न घालता उरलेलं पीठ झाकून ठेवलं. तिच्या नवऱ्याला, धुळाप्पाला, तेच सोसवेना. लग्न झाल्यापासून तो बायकोच्या तोंडाला तोंड देत आला होता. आता ती वॉकर धरून दारापर्यंत जायची, परत यायची आणि खाटेवर बसून भिंतीकडं बघायची. भाकरीचं नाव काढायची नाही.

"त्यांना थांबायला सांग," धुळाप्पा मुलाला म्हणाला. "तिच्या मापाचं टेबल करतो मी."

"बाबा, तुम्ही ट्रकच्या बॉड्या बांधल्यात. टेबल कधी केलंय?"

"ट्रकला काय लाकूड येगळं असतं व्हय?"

मागच्या शेडात एक जुना सागवानी पलंग पडून होता. त्यावर ट्रंका आणि फुटके हंडे रचलेले. दिवाळीला उरलेला निळा ऑइलपेंट दर वेळी त्यालाच फासला जायचा, त्यामुळं लाकूड दिसतच नव्हतं. धुळाप्पानं पलंग मोकळा केला, सांधे सोडवले आणि काचेचा तुकडा घेऊन रंग खरवडायला बसला. रंग जाळून लवकर निघाला असता, पण लाकूड करपलं असतं. हात भरून आले की तो थांबायचा. मुंग्या गेल्या की पुन्हा काच उचलायचा. पायांवरच्या कातीव नक्षीतल्या खाचा त्यानं खिळ्याच्या टोकानं साफ केल्या. तिथं रंगाचा कण राहिला तर तो पुढं पिठात पडणार होता.

पलंगाच्या फळ्या जोडून वरचा भाग झाला. शेगडीसाठी बाजूला एक खालची पायरी केली, म्हणजे तवा परातीच्या पातळीला येईल. हाताच्या सवयीनं त्यानं सांध्यांना जाडजूड बोल्ट मारले.

चन्नम्मा वॉकर टेकत शेडाच्या दारात आली. बघत राहिली.

"ह्यावर भाकरी करायची का अकलूजला ऊस न्यायचा?"

कितीतरी दिवसांनी ती असं बोलली होती. धुळाप्पा मनातून खूश झाला, पण मान वर केली नाही.

"मजबूत नको का?"

"पाण्याचा हात लागून बोल्ट गंजणार. गंज लोकांच्या पोटात घालू का?"

बोल्ट निघाले. त्या भोकांत त्यानं बाभळीच्या खुंट्या तासून ठोकल्या. शेवटी पाय कापले. माप त्यानं सुरुवातीलाच घेऊन ठेवलं होतं. वॉकर धरून ती उभी असताना मनगट जिथं येत होतं, तिथून जमिनीपर्यंत. मग सगळ्याला जवसाचं तेल चोळलं.

टेबल स्वयंपाकघरात आलं तोवर चन्नम्मानं वॉकर कोपऱ्यात ठेवला होता. व्यायाम शिकवणारी बाई यायची. चन्नम्मा दात आवळून सगळे प्रकार करायची. ती टेबलाशी उभी राहिली, उंडा परातीत टाकला, थापायला वाकली आणि लगेच कंबर धरून सरळ झाली.

"माप कुणाचं घेतलं हे?"

"तुझंच की."

"मी वाकलेली होते तवाचं! आता मी ताठ झाले न्हवं."

"तू ताठ होशील हे मला कुठं ठावं?"

"मला तरी कुठं ठावं होतं," चन्नम्मा हळूच म्हणाली.

शिवयोगीनं तोडगा काढला. "खाली विटा लावू या, बाबा."

"पंक्चर गाडीला दगड लावत्यात. हे पंक्चर झालंय का? थापताना सरकलं तर तवा तिच्या पायावर येईल."

टेबल परत शेडात गेलं. कापलेले तुकडे बंबात जळून गेले होते. पण ट्रकचा लाकडी दांडा आखूड पडला की तो कसा वाढवतात, हे धुळाप्पाला ठाऊक होतं. जुन्या आणि नव्या लाकडाची टोकं लांब तिरकी तासायची आणि एकमेकांवर बसवायची. त्यानं बाभळीचं लाकूड घेतलं. सांधा जुळवून डोळ्यांसमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. एक जोड जमला, दुसरा बिघडला, तो फेकून नवा तासला.

या वेळी माप त्यानं मनगटावरून घेतलं नाही. जोड पक्के करायच्या आधी टेबल आखूड पायांवरच पुन्हा आत आणलं आणि परातीखाली एकेक फळी सरकवत गेला.

"थाप."

ती थापायची. "न्हाय."

आणखी एक पातळ फळी.

"थाप."

"जरा जास्त झालं."

अर्ध्या जाडीची फळी घातली. तळवा परातीत पडला आणि आवाज भरीव आला. चन्नम्मा थांबली नाही. उंडा फिरत, पसरत गेला. तिच्या खांद्यांकडं बघत धुळाप्पानं कानावरची पेन्सिल काढली. फळ्या मोजून त्यानं पायांचं माप धरलं.

त्या मापानं कापलेले जोड पायांना लागले. वर सागवान, खाली बाभूळ, दोन रंग उघडे दिसत होते. शिवयोगी म्हणाला, "पेंट मारू या का?" धुळाप्पानं त्याच्या हातात जवसाच्या तेलाचा बोळा दिला.

चन्नम्मानं शेगडी पेटवली. भाकरी परातभर पसरली, कडा शाबूत राहिल्या. मंद आचेवर फडक्यानं दाबत, फिरवत तिनं ती पार वाळवली. तोवर दुसरी थापून तयार. टेबल जागचं हललं नाही. चवड वाढत गेली. तिच्या कपाळावर घाम आला, पण हात कमरेकडं गेला नाही.

शिवयोगीनं वरच्या भाकरीचा तुकडा मोडला. कडकन आवाज झाला. चावत चावत त्यानं फोन काढला.

"खानावळवाल्यांना काय सांगू?"

"तू कशाला? मी सांगते की." चन्नम्मानं पिठाचा हात फडक्याला पुसला आणि धुळाप्पाकडं वळली. "तुमी हितं काय उभारलाय? गिरणी बंद व्हायच्या आत ज्वारी दळून आणा. बारीक दळायला सांगा, न्हायतर गेल्या बारीवानी भरड आणाल."

"गेल्या बारीला बारीकच हुतं."

"व्हय, म्हणूनच भाकरी फाटली जणू!"

धुळाप्पानं ज्वारीचा डबा खांद्यावर घेतला आणि निघाला.