कॅप्टनचा पहिला बेस

आमच्या कॅप्टननी सॉफ्टबॉलचा एकही नियम सलग दोन शनिवार सारखा ठेवला नाही. कॅप्टन ते नावाचेच. नोकरी एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझरची. मूळचे वसईचे, एके काळी शाळेच्या टीममध्ये होते. इथे आखातात, करामातल्या आमच्या बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये, ऊन चढायच्या आत, ते मुलांना खेळवायचे. मुलांना गोळा करणं, पाणी, बँड-एड आणि वेळ माझ्याकडे. बाकी सगळा गोंधळ त्यांचा.

मैदान म्हणजे गाड्यांमधली मोकळी जागा. पहिला बेस पांढऱ्या पिकअपचं मागचं चाक. पिकअप डिलिव्हरीला गेली असेल तर जिन्याची पायरी. वैतागून मी रबरी बेस आणले, खडूने रेघा मारल्या. पुढच्या शनिवारी दुसऱ्या बेसच्या जागी कुणाची तरी कोरोला उभी.

"सेक्रेटरीबाई, कोरोलाला सांगा तुमचे नियम," म्हणत कॅप्टननी तो बेस कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन टाकला.

मोठ्या मुलांना तीन स्ट्राइक, तीनदा हुकलं की आउट. दुसऱ्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या रियाला मात्र बॅटला बॉल लागेपर्यंत. माझा ओम भडकायचा. "दॅट्स नॉट फेअर, कॅप्टन."

"फेअर पाहिजे? मग बाबाच्या ऑफिसात जाऊन बस. यल्ला, चल, बॅटिंग."

बाबाच्या ऑफिसात किती फेअर चालतं ते मला माहीत होतं, म्हणून मी कॅप्टनशी वाद घालायची नाही. पण भांडणं मिटवताना जीव मेटाकुटीला यायचा.

मग हॉटेलने त्यांचा करार वाढवला नाही. आमच्याकडची मुलं एरवी लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. शनिवारचा हा खेळ तेवढा होता. तो बंद पडू नये म्हणून मी त्यांच्या मागे लागले, कुणाला तरी तयार करा. "करू, इन्शाल्ला." परतीचं तिकीट आलं तरी त्यांचं 'करू'च. शेवटी टॅक्सीत बॅगा चढवताना मी म्हटलं, "निदान पहिला बेस कुठला, एवढं तरी ठरवून जा."

"ते सकाळी खाली उतरल्यावर कळतं गं. गाड्या कुठे लागल्यात ते बघायचं." दार ओढून घेतलं आणि गेले. निरोपाचं काही बोलायचं होतं, ते रागात राहूनच गेलं.

पुढच्या शनिवारी मुलं आपणहून जमली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मोठं असं दुसरं कुणी नव्हतंच. पिकअप जागेवर नव्हती. मी जिन्याची पायरी दाखवली, खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने रियाने एक सणसणीत टोला हाणला आणि बॉल गेला थेट पाण्याच्या टँकरखाली.

"गाडीखाली गेला की आउट," ओम म्हणाला. "यू नो द रूल, आई."

माहीत होता. मागच्या आठवड्यापर्यंत तोच होता. रिया अजून पळत होती, बॅट हातात तशीच.

"टँकर गाडीत धरायचा नाही," मी म्हटलं. "खेळ चालू."

"सिन्स व्हेन?"

ओम दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी मी वसईला फोन लावून कॅप्टनना चांगलं सुनावलं. पोरांना असल्या सवयी लावून ठेवल्यात, आता निस्तरतंय कोण, सगळं. 

"ते सोड," मग कॅप्टन म्हणाले. "पोरगी बेस फिरून होमपर्यंत पोचली का?"

पोचली होती. तेही मी चिडूनच सांगितलं.