अक्षदाच्या लॅपटॉपचा पंखा

श्रीराम.

अक्षदा, माझी धाकटी जाऊ, एका जागी बसलेली मी फक्त लॅपटॉपसमोर पाहिली. एरवी पायाला भिंगरी. माहेर साजगावचं, वडील कारखान्यात. लग्न ठरताना तिने एकच अट घातली, काम सोडणार नाही. ती अजून न बांधलेल्या फार्महाऊसची चित्रं करते. फाटकातून आत शिरायचं, पडवीत यायचं, खिडकीतून डोंगर बघायचा, असा सगळा सिनेमाच. त्यासाठी पोरं गेम खेळायला घेतात तसला दांडगा लॅपटॉप लागतो.

हल्ली तो तापून मध्येच बंद पडत होता. दोनदा सिनेमा अर्ध्यावर राहिला. बंगल्यांच्या स्कीमवाल्याने स्पष्टच सांगितलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर काम पनवेलला देतो." आमच्या पोशीरसारख्या खेड्यात बसलेल्या बाईला असं काम परत कोण देणार? तेव्हापासून तिला चैन नाही, आणि तिच्यामुळे आम्हाला.

लॅपटॉपचा पंखा जोरात सुटला की सासूबाई पोथीतून मान वर करत. "उडव गं तुझं विमान अंगणात. देवाला पण ऐकू येत नाय." माझा जप तर पंख्याबरोबर पळायचा. देव म्हणत असेल, या बाईला कुठली गाडी पकडायचीय?

पंख्यावर हुकूम चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये होतंच. पण त्यात रंगीत दिवे, जाहिराती, लॉगिन, काय नि काय. "ताई, मदतीला पाहुणी बोलवावी आणि तिच्यासाठीच रांधत बसावं, तसं आहे हे. मेमरी सगळी हेच खातं," अक्षदा म्हणाली.

तिला हलकं काहीतरी हवं होतं. एक अगदी छोटं सापडलं, पण त्याच्या यादीत तिचं मॉडेल नव्हतं. मिळत्याजुळत्या मॉडेलचं सेटिंग टाकून बघा म्हणे. तिने नेरळला लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या शारिकला फोन लावला. तो ओरडलाच, "भाभी, शेजारच्या पोराचं औषध आपल्या पोराला पाजता काय? पंखा फिरलाच नाय तर बोर्ड जाईल!"

मग दुसरं शोधलं. तिच्या लॅपटॉपच्याच कंपनीच्या मशीनसाठी कुणीतरी हौसेने बनवलेलं, फुकट. किती तापलं की पंखा किती फिरावा, एवढंच विचारणारं.

शुक्रवारी ते टाकलं आणि पंख्याच्या अंगातच आलं. भर्रकन वर, लगेच गप्प, परत वर. अक्षदा ओटीवर येरझारा घालू लागली. "चुकीचं निवडलं मी. ते जुनंच बरं होतं." मी मनात कडावच्या गणपतीला दूर्वा बोलले.

सासूबाई म्हणाल्या, "आता विमानाला उचकी लागली गं."

शनिवारी सकाळी गॅसवर भात होता. सासूबाईंनी जाता जाता गॅस बारीक केला. मी मोठा केला. त्यांनी परत बारीक केला. आमचं रोजचंच. तेवढ्यात अक्षदा विळीवरून ताडकन उठली.

"ताई, जुनं आत चालूच आहे! मी नुसती त्याची खिडकी मिटली. एक म्हणतं फिर, दुसरं म्हणतं थांब!"

"मंग एकीला माहेरी धाड," सासूबाई म्हणाल्या, आणि गॅस बारीकच ठेवला.

कंपनीचं सॉफ्टवेअर काढताना ती क्षणभर अडखळली. कसंही असलं तरी भरवशाचं म्हणून वागवलेलं. पण काढलं. मशीन बंद करून चालू केली. पंखा लवकर सुरू व्हावा पण बेताने फिरावा, असं लावून दिलं. एकसारखी घूं सुरू झाली. तिने सिनेमा परत तयार व्हायला चढवला.

तरी जेवताना ताटावरून दोनदा उठली. लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून यायची, पोराचा ताप बघावा तसा. भात कच्चा राहिलेला, तिच्या लक्षातही आलं नाही.

दिवेलागणीच्या आत सिनेमा पुरा झाला आणि पाठवूनही झाला. स्कीमवाल्याचा फोन आला. पडवीतला झोपाळा काढा म्हणाला, आणि सोमवारी पुढच्या बंगल्याचं बोलू. फोन ठेवून अक्षदाने आधी झोपाळ्यावरून त्याला चार शिव्या घातल्या, मग हसली.

"आता तरी बस गं टेकून," सासूबाई म्हणाल्या.

"बसते, आई," म्हणाली, आणि आत जाऊन परत एकदा हात लावून आली.